ठेकेदार निम्मी रक्कम आगाऊ मागतो आहे; द्यावी का?

कोथरूडमधल्या बावीस वर्षे जुन्या इमारतीत आपण दोन बेडरूमची सदनिका विकत घेतली आहे. दोन्ही बाथरूम फोडून नव्याने करायची, वायरिंग बदलायचे, स्वयंपाकघराचा ओटा आणि ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब आणि शेवटी रंग, असे सगळे मिळून ८,४०,००० रुपयांचे अंदाजपत्रक कार्यालयातल्या सहकाऱ्याने सुचवलेल्या ठेकेदाराने दिले आहे. काम सुरू करण्याआधी त्याला ४,२०,००० रुपये हवे आहेत आणि त्यांपैकी २ लाख रोख हवे आहेत. "सगळीकडे हीच पद्धत आहे," असे तो म्हणतो. आपल्या मेहुण्यांचे मत असे, की काम पुरे होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: निम्मी रक्कम देणे योग्य आहे का, नसेल तर किती द्यावी, आणि दिवाळीपूर्वी राहायला जायचे असताना ओळखीतल्या माणसाला न दुखावता हे सांगायचे कसे.

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी या व्यवसायात आलो त्याला सत्तावीस वर्षे झाली. पहिली चौदा वर्षे पुण्यात स्वतः ठेकेदारी केली; त्यानंतर घरमालकांच्या वतीने कामांवर देखरेख करतो. त्यामुळे आगाऊ रक्कम मी अनेकदा मागितलेली आहे आणि आता ती देणाऱ्याच्या शेजारी बसून मोजतोही. पुढे जे लिहितो आहे ते या दोन्ही खुर्च्यांवरून पाहिलेले आहे.

आपण प्रश्न टक्क्यांत विचारला आहे. मी तो दिवसांत मोजतो. आज आपल्या खात्यातून गेलेला रुपया किती दिवसांनी माल होऊन दारात उतरेल किंवा मजुरी होऊन भिंतीवर दिसेल, एवढेच मी पाहतो. आठ-दहा दिवसांत दिसणार असेल तर रक्कम मोठी असली तरी मला शांत झोप लागते. महिन्याने दिसणार असेल तर ती लहान असली तरी मी ती देऊ देत नाही. हा हिशेब आपल्याच अंदाजपत्रकावर करून पाहू.

आपण पाठवलेले आकडे असे आहेत: तोडफोड आणि राडारोडा हलवणे ४५,०००, दोन्ही बाथरूमचे प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि फरशी मिळून २,३५,०००, वायरिंग ९०,०००, ओटा व ट्रॉल्या १,६०,०००, वॉर्डरोब व इतर सुतारकाम २,१०,०००, रंगकाम १ लाख. आता कामाचा क्रम पाहा. पहिले सहा-सात दिवस फक्त फोडाफोडी होईल आणि गोण्या भरभरून खाली जातील. त्यानंतर प्लंबर भिंतींत खाचा मारून पाईप टाकील, गवंडी त्या बुजवील, मग वॉटरप्रूफिंग होईल. म्हणजे पहिल्या दहा-बारा दिवसांत ठेकेदाराच्या खिशातून काय जाते? तोडफोडीचे ४५,०००, पाईप, फिटिंग, सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंगची रसायने यांचे साधारण ४०,००० आणि प्लंबर-गवंड्याची एका आठवड्याची खर्ची साधारण १०,०००. एकूण ९५,०००, म्हणजे तुमच्या एकंदर रकमेच्या अकरा टक्क्यांच्या आसपास.

प्लायवूड पाचव्या आठवड्याच्या आत घरात येणारच नाही, आणि येऊही नये. पाण्याचे काम चालू असताना आणून ठेवलेले प्लायवूड ओल धरते, कडा फुगतात, शिवाय फरशी कापताना उडणारी धूळ सनमायक्यावर बसते ती वेगळीच. रंग तर सगळ्यांत शेवटी. मग ४,२०,००० मधून ९५,००० वजा जाता उरलेल्या सव्वातीन लाखांचे ठेकेदार महिनाभर काय करणार आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला चांगले ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः केलेले आहे.

माझ्या ठेकेदारीच्या सहाव्या वर्षीची गोष्ट. हडपसरच्या एका मालकाने काम पूर्ण झाल्यावर शेवटचे बिल अडवून धरले. त्याच सुमारास सिंहगड रस्त्यावरच्या एका बाईंनी मला त्यांच्या घरासाठी निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्या पैशांतून मी हडपसरचे दुकानदाराचे देणे भागवले, तिथल्या सुतारांची मजुरी चुकती केली आणि मनाशी म्हटले, पंधरा दिवसांत हडपसरचे पैसे येतील, मग सिंहगड रस्त्याचे प्लायवूड घेऊ. पैसे आले नाहीत. बाईंचे काम एकोणीस दिवस बंद राहिले. शेवटी त्यांनी फोन करणे सोडून दिले आणि एका सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून मी त्यांचा माल आणला. मला कोणाला फसवायचे नव्हते, पण ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवण्याचा खेळ मी खेळत होतो आणि त्या खेळात कोणाचे तरी डोके उघडे पडतेच.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की आगाऊ रक्कम बुडाल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत पैसे घेऊन पसार होण्याच्या हेतूनेच आलेले ठेकेदार मला थोडे दिसले. बहुतेक ठिकाणी माणूस कामाचाच असतो, पण एका साईटचे पैसे दुसऱ्या साईटवर लावलेले असतात आणि साखळीतली एक कडी निसटते. म्हणून "माणूस चांगला आहे" हे आपल्या सहकाऱ्याचे प्रमाणपत्र खरे असले तरी ते आपल्याला पुरेसे नाही. चांगल्या माणसालाही पाच आठवडे लागणार नाहीत असे सव्वातीन लाख हातात ठेवायला देऊ नयेत. ते त्याच्या हातून खर्च होतीलच.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याविषयी. एक रुपयाही न देता काम करून घेणे शक्य आहे का? आहे, पण ते कोणाकडून करून घ्याल हे पाहावे लागेल. आपल्या ठेकेदाराला दर शनिवारी मजुरांना खर्ची द्यावी लागते. ती चुकली की सोमवारी गवंडी दुसऱ्या साईटवर दिसतो. राजस्थानचे सुतार, उत्तर प्रदेशचे रंगारी यांना गावाहून बोलवायचे तर आधी उचल द्यावी लागते. शिवाय ठेकेदारानेही मालकांचे अनुभव घेतलेले असतात. मापे घ्यायला लावतात, चार वेळा अंदाजपत्रक बदलून मागतात, तारीख अडवून ठेवतात आणि ऐनवेळी फोन उचलत नाहीत, असे मालक मी डझनांनी पाहिले आहेत. म्हणून काहीही आगाऊ न घेता काम करायला तयार होणारा ठेकेदार एकतर कामासाठी अगदी अडलेला असतो किंवा त्याने ती जोखीम दरातच धरलेली असते. आपले मेहुणे आपल्या काळजीपोटी बोलत आहेत, पण त्यांचा सल्ला पाळला तर स्वस्तातले काम महागात पडण्याचीच शक्यता अधिक.

काही कामांत मात्र निम्मी रक्कम आगाऊ मागणे पूर्णपणे रास्त असते आणि तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, लोखंडी ग्रिल, सेफ्टी डोअर, कारखान्यात तयार होणारे मॉड्युलर किचन या वस्तू आपल्या घराच्या मापाने कापल्या जातात. आपण माघार घेतली तर त्या दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत. तिथे निम्मी रक्कम देताना मला संकोच वाटत नाही. मात्र किचनवाल्यांच्या शोरूममध्ये वेगळीच मेख असते. उरलेली निम्मी रक्कम ते माल कारखान्यातून निघण्यापूर्वी मागतात, म्हणजे बसवणारी माणसे घरी येतात तेव्हा आपल्या हातात काहीच उरलेले नसते. मग एखादे दार तिरपे बसले किंवा एक ट्रॉली कमी आली, तर दुरुस्तीची तारीख मिळवताना नाकी नऊ येतात. बुकिंग करतानाच "पाच ते दहा टक्के बसवून झाल्यावर" असे लिहून घ्यावे. नोंदणीच्या दिवशी हे मान्य होते. नंतर कोणी ऐकत नाही.

याच्या उलट, माल आपला आणि फक्त मजुरी त्यांची असे काम असेल, तर आगाऊ रकमेला काही कारणच उरत नाही. झालेल्या कामाचे मोजमाप करून त्याच्या आत राहील एवढी खर्ची दर आठवड्याला देत जावी. एखाददुसरी खोली रंगवायची असेल तर रंग, पुट्टी, प्रायमर आपणच आणून द्यावेत. कोकणातल्या घराची डागडुजी मुंबईत बसून करून घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी असते, कारण त्यांना साईट दिसतच नाही. त्यांना मी एवढेच सांगतो, की चिरा किंवा कौले यांचे पैसे गाडी अंगणात रिकामी झाल्यावर आणि गावातल्या कोणीतरी नग मोजल्यावरच पाठवावेत. फोनवर आलेला फोटो कोणाच्या अंगणातला आहे हे कळत नाही.

आपल्या कामाकडे परत येतो. मी आपल्या जागी असतो तर पुढीलप्रमाणे हप्ते मांडले असते. काम सुरू होण्याच्या दोन दिवस आधी ९५,०००. तोडफोड संपून राडारोडा इमारतीबाहेर गेला, नवे पाईप बसले आणि त्यांत दाबाने पाणी भरून कुठे गळत नाही हे पाहून झाले, की १ लाख. वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी झाली आणि दोन्ही बाथरूमची फरशी बसली, की १,५०,०००. वायरिंग पूर्ण होऊन प्रत्येक पॉइंट चालू करून पाहिला, की ७०,०००. प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल हे सामान घरात उतरले, की १,५०,०००. ओटा बसून वॉर्डरोब आणि ट्रॉल्यांचे सांगाडे उभे राहिले आणि दारे लागली, की १,२५,०००. पुट्टी आणि रंगाचा पहिला हात झाला, की ६६,०००. उरले ८४,०००, म्हणजे दहा टक्के. त्यांचे काय करायचे ते पुढे सांगतो. बेरीज करून पाहा, ८,४०,००० होतात. या मांडणीत कोणत्याही दिवशी आपले पैसे कामाच्या पुढे लाखभराहून जास्त धावत नाहीत, आणि ठेकेदाराला स्वतःच्या खिशातून आठवड्याभराहून जास्त काळ काम रेटावे लागत नाही. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. पायऱ्या मात्र डोळ्यांनी दिसणाऱ्या असाव्यात. "तीस टक्के काम झाल्यावर" असे कधीही लिहू नये, कारण तीस टक्के काम झाले की नाही यावर दोन माणसे दिवसभर भांडू शकतात. "कमोड बसून फ्लश चालला" यावर भांडता येत नाही.

वॉटरप्रूफिंगच्या पायरीवर जरा थांबतो, कारण इथे घाई करणारे मालक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत. फरशी बसण्याआधी बाथरूमचे सगळे मार्ग बंद करून तळात पाणी भरावे आणि निदान अठ्ठेचाळीस तास ते तसेच राहू द्यावे. या काळात आपण खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन, चहा घेऊन, त्यांच्या बाथरूमचे छत बघून यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. बावीस वर्षांच्या इमारतीत खालच्यांच्या छताला जुनी ओल असण्याची शक्यता आहे, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच तिचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर जुना डागही आपल्याच नावावर जमा होईल. हे अठ्ठेचाळीस तास ठेकेदाराला फुकट गेल्यासारखे वाटतात आणि "साहेब, आमचे कधी गळत नाही" असे तो म्हणतो. दीड लाखांचा हप्ता या चाचणीला बांधलेला असला की तो स्वतःहून पाणी भरून ठेवतो.

प्लायवूडच्या हप्त्यासाठी दुसरा, अधिक सुरक्षित मार्ग आहे: पैसे थेट दुकानदाराला द्यावेत आणि ते ठेकेदाराच्या बिलातून वजा करावेत. बिल आपल्या नावावर घ्यावे आणि त्यावर दर्जा लिहून घ्यावा. ओट्याखालच्या आणि बाथरूमलगतच्या कामाला आयएस (भारतीय मानक) ७१० चे, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवूड लागते. कोरड्या खोलीतल्या वॉर्डरोबला आयएस ३०३ चे चालते. बिलावरचा दर्जा आणि प्रत्येक पत्र्यावर छापलेला शिक्का एकच आहे ना, हे माल उतरवतानाच पाहावे. कापल्यावर शिक्का सापडत नाही. इथे एक आतली गोष्ट सांगायला हवी. गिऱ्हाईक आणणाऱ्या सुताराला किंवा ठेकेदाराला कमिशन देण्याची पद्धत प्लायवूडच्या पुष्कळ दुकानांत आहे. आपण थेट पैसे द्यायचे म्हटल्यावर ठेकेदाराचा चेहरा उतरला, तर कारण बहुतेक हेच असते. त्यावर रागावण्याचे कारण नाही. मी सरळ म्हणतो, "माल आणण्याचे, निवडण्याचे तुमचे कष्ट आहेत, त्याचे काय ते मजुरीत उघडपणे धरा." बहुतेक जण मान्य करतात, आणि मग हलका माल भारी दरात माथी मारण्याचा मोह राहत नाही.

आता त्या शेवटच्या दहा टक्क्यांविषयी. माझ्या मते पहिल्या हप्त्यापेक्षा हा हप्ता महत्त्वाचा आहे, पण घरमालक सगळी भीती पहिल्या हप्त्याभोवती खर्च करतात आणि शेवटी सत्यनारायणाच्या गडबडीत सगळे पैसे देऊन मोकळे होतात. राहिलेली कामे सटरफटर असतात: एक ड्रॉवर घासतो, स्विचबोर्डाची एक पट्टी नाही, बेसिनच्या कडेचे सिलिकॉन तुटले आहे, एका दरवाजाच्या मागे रंगाचा दुसरा हात राहिला आहे. या चार कामांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून चार वेगवेगळे कारागीर आणायचे, तर ठेकेदाराला त्यासाठी काही कारण हवे. ८४,००० रुपये हे पुरेसे कारण आहे. त्यातले निम्मे घर ताब्यात घेताना यादीतली कामे पुरी झाल्यावर द्यावेत आणि उरलेले ४२,००० दोन महिने राहून झाल्यावर. बाथरूम रोज वापरल्याशिवाय खरी गळती कळत नाही.

या अधिकाराचा गैरवापर होऊ नये हेही सांगतो. काही मालक शेवटचे दहा टक्के म्हणजे आपली बचत समजतात. दर आठवड्याला नवा दोष काढतात. हडपसरच्या त्या मालकाने मला तेच केले होते आणि त्याची झळ सिंहगड रस्त्यावरच्या बाईंना लागली. एकदाच, एका बैठकीत, दोघांनी मिळून यादी करावी, तारीख टाकावी, दोघांच्या सह्या कराव्यात आणि ती यादी संपली की दोन दिवसांत पैसे द्यावेत.

रोख २ लाखांच्या मागणीला मात्र स्पष्ट नकार द्यावा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही. तुकडे करून घेतली तरी व्यवहार एकच असेल तर ती एकच धरली जाते, आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. दंड देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला आहे, ही गोष्ट आपल्या ठेकेदाराला बहुधा ठाऊक नसेल. त्याच्याच हिताची म्हणून सांगितली तर वादही होत नाही. मजुरांच्या खर्चीसाठी थोडी रोख लागते हे मी समजू शकतो, पण ती त्याने आपल्या खात्यातून काढावी. आपण बँकेतून किंवा यूपीआयने पाठवावेत, पाठवताना शेरा लिहावा आणि खाते त्याच्याच किंवा त्याच्या फर्मच्या नावावर आहे हे पाहावे. "भावाच्या नंबरवर टाका" म्हटले की मी थांबतो.

बिलाविषयी लोकांचा एक गैरसमज असतो. जीएसटी क्रमांक नाही म्हणजे माणूस लबाड, असे नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे नोंदणी घ्यावी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याने जीएसटी लावायचाही नसतो. अशा ठेकेदाराकडून साधे, सही केलेले बिल घ्यावे. नोंदणी असूनही "बिल नको म्हणा, अठरा टक्के वाचतील" असे जो सांगतो, त्याच्याशी उद्या वाद झाला तर आपल्या हातात कागद नसेल, एवढे ध्यानात ठेवावे.

कागदाबद्दल आणखी थोडे. पहिल्या हप्त्याच्या पावतीवर "विसार" किंवा "टोकन" असा शब्द लिहू देऊ नये. "कामापोटी आगाऊ रक्कम, बिलातून वजा करावयाची" असे लिहावे. विसार हा शब्द पालनाची हमी म्हणून दिलेल्या रकमेसाठी वापरला जातो आणि आपण माघार घेतली तर तो जप्त करण्याचा दावा समोरचा करू शकतो; आगाऊ रक्कम ही किमतीचाच भाग असते आणि काम झाले नाही तर झालेले नुकसान वजा जाता ती सर्वसाधारणपणे परत मागता येते. करारात दंडाचा आकडा मोठा लिहिला तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते, म्हणून भीतीदायक आकडे लिहिण्यात दोघांनीही वेळ घालवू नये. पावती ५,००० रुपयांहून अधिकची असेल तर तीवर १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्यावी. त्याच कागदावर राडारोडा कोणी आणि कुठे टाकायचा, सोसायटीकडे भरलेली अनामत मजुरांनी लिफ्टचे नुकसान केल्यामुळे कापली गेली तर ती कोणाची, आणि अंदाजपत्रकाबाहेरचे काम दर ठरवून लिहून दिल्याशिवाय करायचे नाही, या तीन ओळी असाव्यात. अंदाजपत्रकाबाहेरच्या कामांचे हिशेब शेवटी तोंडी काढले जातात आणि बहुतेक भांडणे तिथेच होतात.

काही जण मला विचारतात, की बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, मग याला कसे येते. ती मर्यादा रेरा कायद्यातली आहे. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी विकासकाने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असा तो नियम आहे. घराच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या ठेकेदाराला तो लागू नाही. इथे मर्यादा आपणच कागदावर घालायची असते.

इतके करूनही काम मध्येच थांबले, तर दुसऱ्या ठेकेदाराला लगेच हात लावू देऊ नये. आधी झालेल्या कामाचे मोजमाप, फोटो, पडून असलेल्या मालाची यादी, शक्य असेल तर एखाद्या त्रयस्थ अभियंत्याची सही, हे करून घ्यावे आणि पहिल्याला लेखी नोटीस द्यावी. पोलीस ठाण्यात बहुधा "हे दिवाणी प्रकरण आहे" असे ऐकायला मिळते, कारण फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी पैसे घेतानाच हेतू वाईट होता हे दाखवावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा मार्ग अधिक उपयोगी आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते, आपण जिथे राहता तिथेच तक्रार दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. हे मार्ग खरे आहेत, पण त्यांना वेळ लागतो आणि तोवर आपण फुटक्या बाथरूमच्या घरात असता; म्हणून माझा भर हप्त्यांवर आहे.

राहिला न दुखावता सांगण्याचा प्रश्न. आधी आपल्या सहकाऱ्याला फोन करावा, पण "काम कसे झाले" असे विचारू नये. त्याचे उत्तर "छान झाले" असेच येते. "पैसे कोणकोणत्या टप्प्यांवर दिले, काम किती दिवस थांबले होते आणि शेवटचे पैसे दिल्यावर तो पुन्हा आला का," असे विचारावे. दिवाळीच्या तारखेबाबतही ठेकेदाराशी मोकळेपणाने बोलावे. मजूर दिवाळीला गावी जातात, उत्तर भारतातले छठपूजा करूनच परततात. सणाच्या आठवड्यात तो उचल मागेल तेव्हा पुढचा टप्पा पूर्ण झालेला असेल तरच ती द्यायची, हे आजच ठरवून ठेवले तर त्या वेळी कोणाला वाईट वाटत नाही.

मग त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा आणि समोर कोरा कागद ठेवावा. "पैशांची अडचण होऊ देणार नाही, टप्पा झाला की दोन दिवसांत पैसे तुमच्या खात्यात येतील, फक्त पहिल्या पंधरा दिवसांत तुम्हाला काय काय आणायचे आहे आणि किती माणसे लावायची आहेत, ते इथे लिहा," एवढेच म्हणावे. दोन दिवसांत पैसे मिळण्याची खात्री हे ठेकेदाराला निम्म्या रकमेपेक्षा मोठे आकर्षण असते. मी चौदा वर्षे ते शोधत होतो. त्याने पेन उचलून पाईप, सिमेंट, दोन बिगारी, एक गवंडी असे लिहायला घेतले, तर बेरीज ९५,००० ऐवजी १,२०,००० झाली तरी द्यावी आणि काम सुरू करावे. "आमच्याकडे असे चालत नाही" म्हणून तो कागद सरकवून उठला, तर सहकाऱ्याचे आभार मानून दुसरे अंदाजपत्रक मागवावे, मग दिवाळी जुन्या घरात करावी लागली तरी चालेल.